बोर्ड रिकामाच ठेवायचा होता तर टांगला कशाला?

आठवडा झाला, डोकं शांत होत नाही. २६ नोव्हेंबरला आमच्या कॉलेजात साडेदहा वाजता सगळ्यांनी उभं राहून संविधानाची उद्देशिका वाचली. ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’. माईकवर प्राचार्य, मागून पोरं. आणि दुपारी एकच्या आत आमच्या राज्यशास्त्र विभागाचं भित्तिपत्रक उतरवलेलं!

मी धावत गेलो तर बोर्डावर नुसत्या टाचण्या, प्रत्येक टाचणीखाली कागदाचा फाटका कोपरा. एका कोपऱ्यावर हिरव्या स्केचपेननं काढलेल्या वेलीचं टोक राहिलं होतं. टाचण्या काढायचीही तसदी घेतली नाही, ओरबाडलं सरळ.

विषय मीच दिला होता, ‘माझा धर्म आणि मी’. एका मुलीनं लिहिलं होतं की बुरखा मी कुणाच्या धाकानं घालत नाही, मला हवा म्हणून घालते, वर्गात त्यावरून टोमणे मारू नका. एकानं आपल्या आजोबांनी बौद्ध धम्म का स्वीकारला ते लिहिलं. परभणीजवळच्या एका खेड्यातल्या, वारकरी घरातल्या पोरानं लिहिलं की माझा देवावर विश्वास उरला नाही, म्हणून मी गळ्यातली माळ काढली. कुणाला शिवी नाही, कुणाची टिंगल नाही.

तक्रार कोणाची, विचारलं. नाव नाही. म्हणे, ‘कुणाच्या तरी भावना दुखावतील.’ अहो, दुखावल्या तरी का? आम्ही वर्गात अनुच्छेद १९(२) शिकवतो. सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी, अशी ठरावीक कारणं आहेत त्यात. ‘कुणाला तरी आवडणार नाही’ हे कारण कुठे आहे, दाखवा मला!

एवढ्यावर भागलं नाही. पोरांकडून माफीनामे घेतले आणि माळ काढलेल्या पोराच्या वडिलांना बोलावलं. कापसाची वेचणी सोडून तो माणूस सकाळच्या एसटीनं आला, दीड तास ऑफिसबाहेर बाकावर बसला. आत हात जोडून म्हणाला, ‘साहेब, लेकराला पदरात घ्या.’ बाहेर आल्यावर मला म्हणाला, ‘सर, माळ काढली तेव्हा त्यानं मला सांगितलं होतं. मला वाईट वाटलं, पण मी काही बोललो नाही. यांचं काय दुखलं?’ त्याच्या स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ज्याचं दुखायला हवं होतं त्यानं पोराला समजून घेतलं, आणि आम्ही त्यालाच हात जोडायला लावले.

हेच लोक दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामावर तासभर बोलतात. गश्ती निशान ५३ हे निजाम सरकारचं फर्मान कसं जुलमी होतं, साधी सभा घ्यायची तरी परवानगी कशी लागायची. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांना वंदे मातरम् म्हटल्याबद्दल कसं काढून टाकलं, मग नागपूर विद्यापीठानं त्यांना कसा आसरा दिला. टाळ्या पडतात. आणि आता आम्हाला तोंडी फर्मान आहे की बोर्डावर लावायचा प्रत्येक कागद आधी ऑफिसात दाखवायचा!

केरळात तीन लेकरांनी आपल्या धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हटलं नाही, पण ती आदरानं उभी राहिली होती. शाळेनं काढलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. न म्हणण्याचंही स्वातंत्र्य असतं. माळ घालणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं, बुरखा घेणारीचं आणि न घेणारीचं, सगळ्यांचं एकच आहे ते. एकाचं काढून घेतलं की दुसऱ्याचंही गेलंच.

सहकारी म्हणतात, ‘तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, कशाला यात पडता?’ काळजीनं म्हणतात, कळतं मला. दरवर्षी नवी मुलाखत, नवी ऑर्डर, तासाप्रमाणे पैसे, तेही कधी सहा महिन्यांनी. पण मी त्या पोरांना ‘मोकळेपणानं लिहा’ म्हणालो होतो. मी म्हणालो म्हणून त्यांनी लिहिलं. आता ती बुरख्यावर लिहिणारी मुलगी मागच्या बाकावर बसते, प्रश्न विचारला की खाली बघते.

ते माफीनामे अजून ऑफिसच्या फायलीत आहेत. पोरांचं काहीही चुकलेलं नाही. ते कागद त्यांना परत द्या.