सहायिकेची शिडी सिस्टरच्या माडीला लागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

'दहावी-बारावीनंतर रुग्णसेवेतली कामं' या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की, धाकट्या बहिणीनं ४५ हजार भरून एक वर्षाचा 'नर्सिंग' कोर्स केला, पांढऱ्या ड्रेसमध्ये फोटो काढून घेतला, आणि आता एका खासगी दवाखान्यात महिना ९ हजारांवर बेडपॅन उचलते. पुढे म्हणता, 'तुम्ही पेन्शन खात सेवेची गाणी गाता, आणि गरिबाच्या पोरी हमाल म्हणून स्वस्तात मिळतात.' आधी मला रागच आला. मग माझाच लेख उघडून वाचला, आणि राग निम्म्यावर आला.

कारण त्यात माझं एक वाक्य आहे : 'आधी सहायकाचा छोटा कोर्स करा, अनुभव घेत घेत पुढे नर्स होता येईल.' हे साफ चूक आहे. ३१ वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईनं तरी असं लिहायला नको होतं. बारावीनंतर एएनएमला (नर्स-दाईचा प्राथमिक कोर्स) दोन वर्षं, जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन, बीएस्सी नर्सिंगला चार. ते झालं की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी, म्हणजे आपण ज्याला कौन्सिलचं रजिस्ट्रेशन म्हणतो ते. सहायकाचा कोर्स केलेली मुलगी एएनएमला गेली तर पहिल्या दिवसापासून सुरुवात करते. मागचं वर्ष तिथे मोजत नाहीत. आमच्या वॉर्डातल्या एक मावशी नव्या सिस्टरांना शीर सापडत नसली की 'या हाताला बघा' म्हणून सांगायच्या. वीस वर्षांनी निवृत्त झाल्या त्या आया म्हणूनच.

गंमत अशी की अशा कोर्सचं सर्टिफिकेट खोटं असेलच असं नाही. त्यावर बारीक अक्षरात 'सहायक' छापलेलं असतं आणि संस्थेच्या पाटीवर हातभर अक्षरांत 'नर्सिंग'. पैसे भरताना आईबाप पाटी वाचतात. म्हणून प्रवेश घेताना एकच विचारायचं : हा कोर्स झाल्यावर कुठल्या कौन्सिलला नाव लागेल? लॅब टेक्निशियनसारख्या कामांसाठी महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद आहे, तिचा कायदा २०११चा. वर २०२१चा केंद्राचा कायदाही आहे, आणि त्यात अलाइड हेल्थ प्रोफेशनल, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून रुग्णसेवेतले इतर शिकलेले लोक, म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं, दोन वर्षांच्या आत न संपणारं शिक्षण लागतं. काही महिन्यांचा जनरल ड्यूटी असिस्टंट, जीडीए, म्हणजे दवाखान्यातल्या सहायकाचा कोर्स, यात बसत नाही. तो कौशल्य विकासाच्या खात्यातला कोर्स. वाईट नाही, पण त्याचं खातं वेगळं. आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत जीडीएची बॅच चालू असेल तर प्रशिक्षण फुकट असतं. तुम्ही ४५ हजारांचा आकडा लिहिलात तिथे मी थांबले ती यासाठी.

आता ज्या शब्दावर माझं तुमच्याशी भांडण आहे तो शब्द : हमाल.

एका रात्री मी पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात एकटी होते, चाळीसच्या वर पेशंट. दोनच्या सुमाराला मावशी आल्या आणि म्हणाल्या, 'सिस्टर, चौदा नंबरची लघवीची पिशवी दहापासून तेवढीच आहे.' जाऊन बघते तर नळी मांडीखाली दुमडलेली आणि पोट टम्म. चार्टवर माझी सही होती, नजर त्यांची होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, माकडहाडावर लाली दिसली की त्याच पाळीत सांगायचं, नाकातल्या नळीनं भरवताना डोक्याकडची बाजू उंच करायची, पिशवी कधीही मूत्राशयाच्या वर धरायची नाही, सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात, सलाइनची नळी लाल डब्यात. यातलं एक चुकलं तर बेडसोर होतो, ठसका फुफ्फुसात जातो, नाहीतर सफाईवाल्या बाईच्या बोटात सुई जाते. बेडपॅन उचलणं यातलंच एक काम. मीही उचललेत. त्यातला रंग बघून डॉक्टरांना सांगितलंय.

कामाला कमी लेखू नका. पगाराला हवं तेवढं लेखा, तिथे मी तुमच्या बाजूची.

मला खरी काळजी दुसरीच आहे. बहिणीला विचारा, दवाखान्यात इंजेक्शन द्यायला लावतात का? सलाइन लावायला? छोट्या दवाखान्यांतून हे सर्रास चालतं, आणि पोरींना वाटतं आपली बढती झाली. काही बरंवाईट झालं तर रजिस्टरवर सिस्टर म्हणून तिचं नाव कुठेच नसतं आणि डॉक्टर म्हणतात, मी सांगितलंच नव्हतं. तिनं स्पष्ट नाही म्हणायला शिकावं. जमत नसेल तर जागा बदलावी. आणि हेपटायटिस बीची लस : तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. दवाखान्यानं द्यायला हवी. नाही दिली तर पदरचे पैसे घालून घ्यावी, पण घ्यावीच.

घरी पेशंट सांभाळायला पोरी पुरवणाऱ्या ब्यूरोबद्दल लेखात मी काहीच लिहिलं नाही, ही दुसऱ्या एका वाचकाची तक्रारही रास्त आहे. पुण्या-मुंबईत घरच्या पेशंटसाठी जाणाऱ्या पोरींना दवाखान्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, हे खरं. पण चोवीस तासांची ड्यूटी म्हणजे पेशंटच्या खोलीत सतरंजीवर झोप, आणि 'जरा कुकर लावतेस का' पासून सुरुवात होऊन आठवड्यात धुणंभांडी. बारा तासांचीच घ्यावी. ब्यूरोचं कमिशन किती आणि सुट्टीच्या दिवशी कोण येणार, हे पहिल्या दिवशी कागदावर घ्यावं.

बहिणीचं बारावी झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झालं असेल आणि वय ३५च्या आत असेल, तर एएनएमचा दरवाजा अजून उघडा आहे. सरकारी नर्सिंग शाळा आधी बघा. सायन्स असेल तर डीएमएलटीचाही, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाचाही, विचार करता येईल. बारावी राहिली असेल तर नोकरी न सोडता आधी ती उरकू दे.

लेखातलं ते वाक्य आज मी खोडलंय. पुसलं नाही, आडवी रेघ मारली आणि खाली कारण लिहिलंय. बहिणीच्या सर्टिफिकेटचा फोटो नाव झाकून मला पाठवा. बारीक अक्षरांत काय आहे ते वाचून सांगते.