प्रोफेसर झालो, त्याची फाइल

चौकात माझा बॅनर लागलाय, 'प्रोफेसरपदी पदोन्नती, हार्दिक अभिनंदन'. फोटो १० वर्षांपूर्वीचा, डोक्यावर केस असलेला. सगळ्यांचे आभार. पण दोन दिवस एक गोष्ट खुपतेय, ती लिहून टाकतो.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी बॉटनी शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जुलै २०१८ च्या नियमावलीनुसार असोसिएट प्रोफेसरचा प्रोफेसर व्हायला पीएचडी, ३ वर्षं सेवा, १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. विज्ञानात एका निबंधाचे मूळ गुण ८. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकी ७० टक्के, म्हणजे ५.६. बसा बेरीज करत! माझा एक निबंध तर पैसे भरून छापलेला. मे २०१८ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतून ४,३०५ नावं काढली, त्यात तेही गेलं. बरंच झालं. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, माझा निबंध धरून.

केळीवर करपा आला की शेतकरी मला फोन करतात. १५ वर्षं बांधावर जाऊन पानं उलटून बघतोय. पदोन्नतीची फाइल लावताना या कामाच्या पुराव्याची विचारणा झाली, "जिओटॅग फोटो आहे का? हजेरीपत्रक?" आता करप्याची पानं बघताना सह्या कोण घेतं? शेवटी एका शेतकऱ्याला बागेत बॅनर धरून उभं केलं. तो म्हणे, "सर, इलेक्शनले उभा ऱ्हायनात का काय?"

आणि ही ३०० पानांची फाइल लावली कुणी? आमच्याच विभागातल्या तासिका तत्त्वावरच्या सरांनी. नेट, पीएचडी, ९ वर्षं तासांवर पैसे, सुट्टीत तेही नाहीत. त्यांचे निबंध माझ्याहून सरस आहेत, हे मी तोंडावर सांगितलंय. पण कॅस, म्हणजे ही पदोन्नतीची योजना, नियमित नेमणूकवाल्यांसाठी, आणि त्यांच्या विषयाची जागा रिकामीच. आम्ही कायमवाले बैठकीत थकबाकीवर तीन तास भांडतो. तासिकेवर शिकवणाऱ्या या मुलांचा विषय 'आयत्या वेळच्या विषयां'त, चहा आल्यावर. मीही त्या चहाला उठलेलो आहे.

पत्र आलं त्या दिवशी पेढे द्यायला गेलो. पेढा खाऊन ते म्हणाले, "सर, फाइलची सॉफ्ट कॉपी माझ्याकडे राहू देऊ का? फॉरमॅट कामी येईल."

ठेवा म्हटलं.