कागद कोणाचा, श्श् कोणाला

“तुमचं कोणी वाजवतंय का?”

दक्षिण मुंबईतल्या एका सभागृहात परवा मी स्थानापन्न होताच शेजारच्या काकांनी हे विचारले, आणि मी नाही म्हणताच त्यांच्या तोंडून जो “मग?” निघाला त्याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सुचलेले नाही. वीस-बावीस वादकांचा चेंबर ऑर्केस्ट्रा, परदेशातल्या स्पर्धेत पारितोषिक मिळवलेली तरुण चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोराड भाऊ) आणि अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार हायडन याचा सी मेजरमधला कन्चेर्टो, म्हणजे एकटा चेलो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची तीन भागांची रचना, एवढे कारण बोरिवलीहून चर्चगेटला येण्यास पुरेसे आहे अशी माझी समजूत होती. काका मात्र भाच्याने दिलेल्या पासावर आले होते आणि मांडीवरच्या पिशवीसकट परमसुखात होते.

पारितोषिक किती रुपयांचे, ही त्यांची चौकशी मला भागवता आली नाही, तेव्हा त्यांनी वाद्याकडे मोर्चा वळवला.

“एवढं धूड लोकलमधून नेते कशी? लगेजच्या डब्यात?”

विमानात चेलोसाठी बहुधा स्वतंत्र तिकीट काढून शेजारची सीट घ्यावी लागते, असे मी सांगितले. काकांनी क्षणभर विचार केला.

“मग त्या सीटचं जेवण कोण खातं?”

प्रश्न रास्त असल्यामुळे मी विषय बदलला आणि सांगितले की, हायडनने १७६० च्या दशकाच्या पूर्वार्धात एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत असताना लिहिलेला हा कन्चेर्टो जवळजवळ दोनशे वर्षे बेपत्ता होता आणि १९६१ साली प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याची प्रत सापडली.

“म्हणजे संग्रहालयातच होता की! हरवला कसला? आमच्या सोसायटीचे कन्व्हेयन्सचे कागद असेच हरवले होते. सेक्रेटरीच्याच कपाटात.”

एवढ्यात दिवे मंदावले. पहिला भाग संपताच काकांनी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच पुढच्या रांगेतल्या मोत्यांची माळ घातलेल्या बाईंनी मागे वळून पाहिले आणि काकांचे हात हवेतल्या हवेत नमस्कारासारखे जुळले. वास्तविक १७७८ साली पॅरिसच्या श्रोत्यांनी सिंफनी चालू असतानाच टाळ्या वाजवल्याचे मोझार्टने वडिलांना आनंदाने कळवले होते. आपल्याकडे तर समेवर दाद न देणारा श्रोताच मख्ख ठरतो. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत हा हायडनच्या काळात नसलेला कर्फ्यू मोत्यांच्या माळांनी नेमका कोणाच्या वतीने लावला आहे, हे एकदा विचारायला हवे.

दुसरा भाग, संथ लयीचा अडाजिओ, सुरू झाला. यात ओबो आणि हॉर्न ही फुंकून वाजवायची वाद्ये गप्प असतात, केवळ तंतुवाद्ये वाजतात, आणि त्यांची धून पुन्हा सुरू होत असतानाच चेलो एकच लांब सूर धरून आत येतो. त्या मुलीने तो सूर असा लावला की, गज तारेला टेकला केव्हा हेच कळले नाही. नेमक्या त्याच क्षणी काकांना खोकल्याची गोळी हवी झाली. कागद फर्रकन काढला असता तर एका क्षणात प्रकरण मिटले असते. परंतु काका सभ्य होते. कोणाला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी तो अत्यंत सावकाश, एकेक सुरकुती सोडवत, मधूनमधून थांबून आजूबाजूचा अंदाज घेत उलगडला, आणि गोळी तोंडात गेल्यावर त्याची तितक्याच निगुतीने घडी घातली.

मोत्यांची माळ वळली. तिने काकांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मला म्हणाली, “श्श्! प्लीज!”

मी तोंड उघडण्यापूर्वीच काका माझ्या कानाशी वाकले. “हळू हो,” ते म्हणाले, “लोक ऐकतायत.”

तिसरा भाग अतिशय वेगवान आहे आणि त्या मुलीची बोटे तारांवरून विलक्षण सफाईने धावत होती, असे इतरांनी मला सांगितले. मी त्या वेळी बाईंना द्यायचे उत्तर मनात मराठीत आणि इंग्रजीत तयार करत होतो. तिकिटाचे पैसे मी मोजले, पासावरच्या गोळीचा कागद माझ्या नावावर चढला, आणि आसनांच्या रांगेत उभे राहून खुलासा करण्याची सोय कोणत्याही सभागृहात नसते.

मध्यंतरात कॉफीच्या रांगेशी त्या बाई मैत्रिणीला सांगत होत्या की, हल्ली कार्यक्रमांना कोणीही येते. मी खुलासा करण्यासाठी पुढे सरसावलो, एवढ्यात काका आले आणि “जरा धरता का, आलोच” म्हणून पिशवी माझ्या हातात कोंबून स्वच्छतागृहाकडे गेले. आत गोळ्यांचे निदान अर्धा डझन कागद होते. बाईंनी वळून पाहिले तेव्हा ते सगळे वाजले.