आधी माझ्या सीटवर बसायचं आणि मग मला विचारायचं?

परवा विमानात चढले तर माझ्या १२सी वर एक गृहस्थ चक्क संसार थाटून बसलेले. पायातले बूट काढलेले, फोन चार्जिंगला, पाण्याची बाटली समोरच्या खिशात खोचलेली आणि पट्टासुद्धा लावून झालेला. मी बोर्डिंग पास पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "हो हो, तुमचीच आहे. पण मिसेस इथे शेजारी आहेत ना माझ्या. तुम्ही तिकडे मागे २७ई वर बसा. एकट्याच तर आहात, तुम्हाला काय फरक पडतो?"

पडतो हो, फरक पडतो! माझा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. तीन-तीन सीटांच्या विमानात ए, बी, सी डाव्या हाताला असतात. सी वर बसलं की मधली वाट उजवीकडे येते आणि कोणी येत-जात नसेल तेव्हा उजवा पाय जरा सरळ करता येतो. डी वर बसलं तर वाट डावीकडे, त्याचा मला काही उपयोग नाही. एवढा विचार करून, तिकीट काढतानाच वेगळे पैसे भरून मी ती सीट घेतली होती. आणि २७ई म्हणजे पार मागची आणि तीही मधली, दोन अनोळखी खांद्यांच्या बेचक्यात.

बरं, माझा गुडघा ठणठणीत असता तरी काय? मला नुसती ती सीट आवडते म्हणून घेतली असती, तरी ती माझीच होती. माझ्या दुखण्याचा पाढा मी एका परक्या माणसापुढे का वाचायचा? पण वाचला. कारण मागे रांग खोळंबलेली, कोणाची तरी बॅग माझ्या पाठीत रुतत होती, आणि सगळे माझ्याकडेच बघत होते, जसं काही मीच विमान अडवून धरलंय. माझा संताप आहे तो याच गोष्टीचा. आधी बसून घ्यायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही. ही विनंती नव्हे, हा कब्जा आहे. विचारायचं असेल तर उभं राहून विचारा, माणूस आपल्या जागेवर पोचल्यावर विचारा, आणि नाही म्हटलं की तिथेच थांबा.

आणि बदल्यात काय देताय ते तरी बघा! वाटेकडच्या सीटला वाटेकडची, खिडकीला खिडकी, तीही त्याच आसपास किंवा पुढे, असं असेल तर कोण कशाला नाही म्हणेल? एकत्र बसायची गरज तुमची आहे, मग चांगली सीट तुम्ही सोडायला हवी. या जोडप्याकडे होत्या १२बी आणि २७ई. दोन्ही मधल्या. म्हणजे त्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, आणि तरी माझी सीट त्यांना हक्काने हवी होती.

लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी. चार-पाच वर्षांच्या पोराला एकटं बसवा असं मी कधीच म्हणणार नाही. मागे एकदा एका आईसाठी मी खिडकी सोडून मधल्या सीटवर बसले होते, आनंदाने बसले होते. तिने दोनदा विचारलं, तुम्हाला चालेल ना म्हणून. पण ती वेळ तिच्यावर आणली कोणी? शेजारी बसायचेही वेगळे पैसे लावणाऱ्या विमान कंपन्यांनी! पैसे नाही भरले की एकाच बुकिंगची माणसं चार दिशांना पांगतात, आणि मग तो गुंता सोडवायचा प्रवाशांनी एकमेकांत भांडून. भारताच्या डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी एकाजवळ तरी सीट द्या. अमेरिकेतही त्याच वर्षी तसा प्रस्ताव आला. म्हणजे हे काम कंपनीचं आहे. ते रांगेत उभ्या असलेल्या तिसऱ्याच माणसाच्या चांगुलपणावर का ढकलायचं?

शिवाय सीट बदलणं हा फक्त दोघांतला मामला नसतो. आधी सांगून ठेवलेलं खास जेवण सीट नंबर बघून येतं. आपत्कालीन दरवाजाजवळ मुलांना बसवत नाहीत. तान्ही बाळं किती आणि कुठल्या ओळीत, हे वरच्या जादा ऑक्सिजन मास्कवर ठरतं. लहान विमानात तर वजनाच्या समतोलासाठी उड्डाण होईपर्यंत कर्मचारी कोणाला हलू देत नाहीत. म्हणून आधी त्यांना विचारायचं असतं. परस्पर जागा बळकावायची नसते.

शेवटी एअर होस्टेस आली, पास बघितला आणि त्यांना उठायला सांगितलं. बूट घालायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला. जाताना मला ऐकू जाईल असं म्हणाले, "माणुसकीच राहिली नाही लोकांत." त्यांच्या मिसेस दोन तास तोंड फिरवून बसल्या. आमच्या दोन सीटांमधला कोपर टेकायचा दांडा मी खाली केला आणि माझं कोपर लागलं की चटका बसल्यासारखं अंग चोरत होत्या.

माणुसकी? माझा पाय दुखतो हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. एकदा तरी "अरे बापरे, मग बसा तुम्ही" म्हणायला काय झालं होतं?