अर्ध्या पाइंटचा ऋणानुबंध

आयर्लंडमधील किल्केनीचे जुने पब स्वस्त आहेत असे जो कोणी सांगतो, तो एकतर तेथे एकटा गेलेला असतो किंवा त्याचे पैसे दुसऱ्याने भरलेले असतात. नुसत्या बिअरच्या पाइंटच्या किमतीविषयी बोलायचे, तर त्याच्या म्हणण्यात खोट काढता येणार नाही. डब्लिनच्या टेंपल बार भागात ज्या पाइंटला प्रवासी आठ-नऊ युरो मोजतात आणि वर आभारही मानतात, तोच 568 मिलिलिटरचा पाइंट येथे साडेपाच-सहा युरोंत हाती पडतो. प्रवेशाचे पैसे नाहीत, बारवर टीप ठेवण्याची रीत नाही, कोपऱ्यात शेकोटी फुकट पेटलेली असते, आणि एकच ग्लास पुढ्यात घेऊन तुम्ही संध्याकाळभर बसलात, तरी ओल्या फडक्याने तुमच्यासमोरचे टेबल पुन्हा पुन्हा पुसून ‘उठा आता’ असे सुचवणारा वेटर येत नाही. युरोला शंभराने गुणण्याची खोड अजून न गेलेल्या माझ्यासारख्या माणसालाही हे सारे परवडण्यासारखे आहे. परवडत नाही ते एवढेच, की किल्केनीत कोणी स्वतःपुरता पाइंट विकत घेत नाही.

येथे ‘राऊंड’ असतो. सहा जण टेबलाभोवती बसले, की त्यांतला एक उठतो आणि सहा जणांसाठी सहा पेये आणतो. ती संपत आली, की दुसरा उठतो. असे करत सहाव्याची पाळी येईपर्यंत प्रत्येकाच्या पोटात सहा पाइंट गेलेले असतात, आणि मधूनच उठून घरी जाणे हे घेतलेले कर्ज बुडवून परागंदा होण्याइतकेच नीच कृत्य समजले जाते. या नियमाची पाटी कोठेही लावलेली नाही. जेथे पाटी नाही तेथे नियमही नसतो, अशी माझी पुणेरी समजूत असल्यामुळे मी पहिल्या शुक्रवारी कचेरीतल्या मंडळींबरोबर निश्चिंतपणे जाऊन बसलो.

मी ज्या महाविद्यालयात शिकलो, तेथे ‘टीटीएमएम’ म्हणजे ‘तुझे तू, माझे मी’ हा व्यवहाराचा पायाच होता. चार मित्रांत एक बन मस्का वाटून घेतला, तरी मस्का कोणाच्या भागात अधिक आला यावरून रुपया-आठ आणे इकडेतिकडे करणारी ती पिढी. अशा संस्कारांत वाढलेल्या आणि फार तर अर्धा पाइंट पिऊ शकणाऱ्या माणसाला राऊंडमध्ये बसवणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी. येथे अर्ध्या पाइंटला ‘ग्लास’ म्हणतात. मी स्मिदिक्स बिअरचा एक ग्लास मागवून त्याचे बारीक बारीक घोट घेत असताना माझ्यासमोर दुसरा येऊन उभा राहतो, दुसऱ्याला हात लावण्याआधी तिसरा. रात्री दहाच्या सुमारास टेबलावर माझ्यापुढे तांबूस रंगाचे भरलेले ग्लास ओळीने उभे असतात आणि येणारा-जाणारा त्यांच्याकडे अशा नजरेने पाहतो, की मी ते विकायलाच मांडले आहेत असे त्याला वाटत असावे. शेजाऱ्याच्या गिनेस या काळ्या बिअरच्या ग्लासाला मात्र आतून पांढऱ्या फेसाची वलये लागलेली असतात. एका घोटाला एक वलय, आणि दोन वलयांमध्ये चांगले दोन बोटांचे अंतर. माझ्या ग्लासाला वलय पडेल एवढा घोट मी आजवर घेतलेला नाही.

‘मी पीत नाही’ असे सांगून सुटावे, तर तीही वाट बंद आहे. आमच्यातले एक ज्येष्ठ सहकारी कोटाच्या कॉलरवर ‘पायोनियर’ मंडळींची छोटी टाचणी लावतात. फादर जेम्स कलन यांनी 1898 मध्ये स्थापन केलेली ही मद्यत्यागी संघटना, आणि तिचे सदस्य आयुष्यात दारूला शिवत नाहीत. आमचे हे गृहस्थ तीस वर्षे लिंबाचे सरबत पीत आले आहेत आणि आपली पाळी आली, की सगळ्यांना पाइंट पाजत आले आहेत. स्वतः न पिता दुसऱ्यांसाठी पैसे मोजणाऱ्या या संतापुढे मी कोणत्या तोंडाने सवलत मागणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात एकमेकांना दारू पाजण्याच्या याच प्रथेविरुद्ध एक चळवळ निघाली होती आणि धर्मगुरूंनी तिला पाठिंबाही दिला होता. ती चळवळ आज कोठे दिसत नाही. राऊंड आहे.

मग मी शाकाहाराचा आधार घेऊन पाहिला. गिनेस गाळण्यासाठी पूर्वी माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून काढलेला एक पदार्थ वापरत असत, ही माहिती मी मोठ्या गांभीर्याने टेबलावर मांडली आणि आमच्या घरात हे चालत नाही असे सांगितले. टेबलावर क्षणभर शांतता पसरली. त्यानंतर सगळ्यांत तरुण सहकाऱ्याने अत्यंत आदराने सांगितले, की कंपनीने ती पद्धत सोडण्याचे 2015 मध्येच जाहीर केले होते, तेव्हा माझ्या घरच्यांना आता कळवायला हरकत नाही. पाठोपाठ माझ्या सन्मानार्थ एक गिनेस मागवण्यात आली.

खरी परीक्षा स्वतःची पाळी येते तेव्हा होते. पैशांचे दुःख आहेच, पण त्याआधी सहा जणांची सहा पेये लक्षात ठेवून बारपर्यंत पोहोचायचे असते. तेथे रांग नसते. लाकडी काउंटरला टेकून वीस माणसे उभी असतात, त्यांतले कोणीही हात हलवत नाही की हाक मारत नाही, आणि तरीही बारमनला कोण कोणाच्या नंतर आले हे अचूक ठाऊक असते. आपल्याकडे रेशनच्या दुकानात हा माणूस एकट्याने शांतता राखू शकला असता. गिनेस नेहमी सर्वांत आधी सांगायची, कारण ती एका दमात भरत नाहीत. ग्लास तिरका धरून पाऊण भरतात आणि तसाच ठेवून देतात. आतले पिंगट वादळ खालून वर काळे होत जाते, मग वरचा फेस चढवतात. या सगळ्याला 119.5 सेकंद लागतात असे कंपनी अभिमानाने सांगते. मी सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, लेगर बिअर, सरबत असे सगळे सांगून झाल्यावर अखेरीस ‘आणि दोन गिनेस’ म्हणालो, तेव्हा बारमनने माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. बाजूच्या वृद्ध गृहस्थांनी मात्र हळूच मान फिरवली, जशी आपल्याकडची वडीलधारी मंडळी पंगतीत कोणी आधी ताकभात मागितला तर फिरवतात.

सायडरचीही एक गंमत आहे. ग्लासात बर्फ घालून पितात ते बल्मर्स शेजारच्या टिपररी परगण्यातल्या क्लॉनमेल गावी तयार होते, आणि टिपररी म्हणजे हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाच्या मैदानावरचा किल्केनीचा हाडवैरी. पबच्या भिंतीवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सदरे घातलेल्या संघांची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. किल्केनीने अखिल आयर्लंड अजिंक्यपद 36 वेळा जिंकले आहे, इतर कोणत्याही परगण्यापेक्षा अधिक, आणि त्यांतली 11 ब्रायन कोडी यांच्या मार्गदर्शनाखाली. हे आकडे मला पाठ आहेत, कारण राऊंड चालू असताना हर्लिंगवर बोलावेच लागते आणि पावसावर किती बोलायचे यालाही मर्यादा आहे. या छायाचित्रांखाली बसून बल्मर्स पिणाऱ्याला मात्र कोणी देशद्रोही म्हणत नाही. वैर मैदानावर आणि राऊंड टेबलावर, अशी येथे सोयीस्कर वाटणी दिसते.

या हर्लिंगवर 1366 मध्ये बंदी घालण्याचा प्रयत्न झाला होता, आणि तोही किल्केनीतच. इंग्रज राजाच्या वतीने येथे संसद भरली आणि तिने कायदे केले, की वसाहतीतल्या इंग्रजांनी आयरिश भाषा बोलू नये, आयरिश लोकांशी सोयरीक करू नये, त्यांच्यासारखे राहू नये आणि काठ्यांनी चेंडू टोलवण्याचा त्यांचा खेळ खेळू नये. बाहेरून आलेली माणसे स्थानिकांत विरघळून चालली होती, याचा तो धसका होता. आपले वेगळेपण जपू पाहणाऱ्या त्या कायदेकर्त्यांविषयी मला मनापासून सहानुभूती वाटते, पण प्रत्यक्ष राजाचे कायदे ज्या गावात टिकले नाहीत, तेथे माझ्या ‘तुझे तू, माझे मी’चा काय पाड लागणार! गाव हा शब्दही मी येथे दबक्या आवाजात वापरतो आहे. पंचवीस-तीस हजारांची ही वस्ती, पण 1609 च्या राजसनदेने तिला ‘सिटी’चा दर्जा दिलेला असल्यामुळे तिला ‘टाउन’ म्हणणाऱ्याची चूक लगेच दुरुस्त केली जाते. बहुधा एक पाइंट हातात देऊनच.

देण्या-घेण्याचा विषय या वस्तीला नवा नाही. कीरन रस्त्यावरच्या जुन्या ‘इन’ला, म्हणजे सराईला, जिचे नाव आहे, ती ॲलिस कायटलर मूळची सावकाराच्या घरची आणि स्वतःही सावकारी करणारी. चार नवरे आणि भरपूर पैसा, एवढ्या भांडवलावर तिच्यावर 1324 मध्ये चेटकीण असल्याचा आरोप झाला. ती निसटली आणि तिची दासी पेट्रोनिला मात्र जाळली गेली. ज्यांच्या डोक्यावर देणे आहे त्यांना सावकार नकोसा होतो, हे मला नेहमीच कळत आले आहे. देणेकऱ्यावर सावकाराने डोळे झाकून प्रेम करावे, हे मात्र मी किल्केनीच्या पबातच पाहिले. आणि पैशांचेच बोलायचे, तर ऑर्मंड घराण्याने नोर नदीकाठचा आपला आठशे वर्षांचा किल्ला 1967 मध्ये गावकऱ्यांना अवघ्या 50 पौंडांत देऊन टाकला. तेवढ्या रकमेत आज आमच्या टेबलाचे दोन राऊंड पुरे होत नाहीत.

एकदा मी ‘स्नग’मध्ये लपून पाहिले. जुन्या पबात दाराजवळ लाकडी पडद्यांची एक खोकेवजा खोली असते. पूर्वी ज्या बायकांना, धर्मगुरूंना किंवा पोलिसांना चारचौघांत पिताना दिसायचे नसे, त्यांची ही सोय. आत एक बाक, एवढेसे टेबल आणि खांद्याच्या उंचीवर एक झडप. मी आत जाऊन कडी लावली, खिशातले पुस्तक काढले आणि दोन पाने शांतपणे वाचली. तेवढ्यात झडप उघडली. तिच्यातून एक हात आला आणि त्याने माझ्या पुस्तकाशेजारी स्मिदिक्सचा भरलेला ग्लास ठेवला. ‘तुमच्या लोकांकडून,’ असे म्हणून हात परत गेला. लपणाऱ्याची सोय करताना त्याच्या कर्जाचीही सोय करून ठेवणाऱ्या त्या सुताराला माझे दंडवत.

तरीही मी दर शुक्रवारी जातो. जावेच लागते, कारण मागचे काहीतरी नेहमी राहिलेले असते. शुक्रवारी साडेबाराला विक्री थांबते, हातातले संपवायला कायदा आणखी अर्धा तास देतो, आणि त्या अर्ध्या तासात कोणीतरी कुरकुरीत बटाट्याच्या कापांची पिशवी शिवणीवरून उभी फाडून टेबलाच्या मध्यभागी चंदेरी ताटासारखी पसरतो. चीज आणि कांद्याच्या वासाने हात माखून घेत सगळे त्यातून खातात आणि ती कोणी आणली हे कोणी विचारत नाही. मागच्या शुक्रवारी नेमकी माझी पाळी येण्याच्या आत साडेबारा वाजले. माझे समाधान चेहऱ्यावर दिसले असावे, कारण टाचणीवाल्या ज्येष्ठांनी मला विचारले, की तुमच्याकडे मित्र एकत्र बसतात तेव्हा हा व्यवहार कसा चालतो? मी त्यांना ‘तुझे तू, माझे मी’ ही पद्धत सविस्तर समजावून सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

‘म्हणजे सगळे मिळून जाता आणि एकेकटे पिता?’ ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत खरोखरीची करुणा होती. विक्री थांबली होती तरी माझे घोट न घेतलेले तीन ग्लास माझ्यासमोर होतेच. त्यांतले दोन त्यांनी तरुण मंडळींना वाटून टाकले, तिसरा माझ्याजवळ सरकवला आणि पुढच्या शुक्रवारचा पहिला राऊंड माझ्या वतीने आपण देऊ, म्हणजे मला एकटे वाटणार नाही, असे जाहीर केले. या वाक्यातला ‘माझ्या वतीने’चा अर्थ सोमवारी सकाळी कचेरीच्या जिन्यात उलगडला. राहिलेला एक आणि त्यांनी माझ्या वतीने दिलेला एक, असे एकूण दोन राऊंड आता माझ्या नावावर आहेत, हे मला अत्यंत प्रेमाने सांगण्यात आले.