कांसाळ्यांची दहा हजार पावले

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की आमच्याकडे गोव्यात दोन गोष्टी न चुकता सुरू होतात : गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवायच्या माटोळीच्या सामानाची बोलणी आणि मोबाइलवर सवलतींच्या जाहिराती. यंदा त्यात तिसरीची भर पडली आहे. शाळेतले सहकारी, वाड्यावरचे शेजारी आणि एक मावसभाऊ अशा पाच जणांनी गेल्या पंधरवड्यात मला एकच प्रश्न विचारला, की रोजच्या चालण्यासाठी मनगटावरचा कोणता फिटनेस बँड घ्यावा. तीन वर्षांत माझ्या हातावर तीन बँड येऊन गेले, एवढीच माझी पात्रता. तरी प्रत्येकाला निरनिराळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

माझे मत असे, की ज्यांना शर्यती धावायच्या नाहीत, फक्त दिवसभर आपण किती हललो हे समजून घ्यायचे आहे, त्यांनी डब्यावर छापलेली वैशिष्ट्यांची यादी बाजूला ठेवावी आणि आपल्या दिवसातली कोणती हालचाल या यंत्राला दिसते व कोणती दिसत नाही, एवढेच तपासावे. हे मला कळले ते दोन वर्षांपूर्वीच्या चवथीत. दुसऱ्या दिवशीच्या घुमट आरतीला मी नेहमीप्रमाणे कांसाळे, म्हणजे मोठी झांज, घेऊन बसलो होतो. घुमट आणि शामेळ ही तालवाद्ये रंगात आली, आरत्या लांबत गेल्या, आणि ऐन भरात मनगट थरथरले. पाहतो तर पडद्यावर फटाके उडत होते : दहा हजार पावले पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन! त्या दिवशी मी घराची पायरी उतरून फार तर विहिरीपर्यंत गेलो असेन.

यात यंत्राचा लबाडपणा नाही. त्याला पाय दिसतच नाहीत. आत एक ॲक्सेलरोमीटर असतो, तो तीन दिशांना होणारे हिसके टिपतो, आणि त्या हिसक्यांत ठरावीक लयीची आवर्तने सापडली की सॉफ्टवेअर त्यांना पावले समजते. कांसाळ्यांइतकी ठरावीक लय चालण्यात तरी कुठे असते? आडोळीवर नारळ खवताना, कपडे घासताना, खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवताना थोडीफार अशीच भर पडत राहते, मात्र चांगल्या बँडमध्ये ती बरीचशी गाळली जाते.

याच्या उलटचा दोष मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या गोव्यात तो वर्षातले चार महिने छळतो. जून ते सप्टेंबर आपण छत्री धरून चालतो. छत्रीचा हात छातीशी स्थिर राहतो, आणि बँड त्याच हातावर असला तर त्याला वाटते की माणूस उभा आहे. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परतताना तेच होते. म्हणून माझी पहिली शिफारस अशी : ओळखीच्या कोणाचा बँड एक दिवस मागून घ्या, तोंडाने मोजत ५०० पावले हात मोकळे सोडून चाला, मग ५०० पावले छत्री धरून चाला आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहा. माझ्या पहिल्या बँडने छत्रीखालची जवळजवळ निम्मी पावले गिळली होती. सध्याचा पन्नास-साठच गिळतो. आता पावसाळ्यात मी बँड मोकळ्या हातावर बांधतो, आणि सेटिंगमध्ये उजवा-डावा हात बदलून घेतो.

दहा हजार या आकड्याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण तो गाठला नाही म्हणून हिरमुसणारी माणसे मी पाहिली आहेत. हा आकडा कोणा वैद्याने सांगितलेला नाही. टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक झाले आणि पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. विक्रीसाठी निवडलेला तो गोल आकडा आज प्रत्येक बँडच्या आत जाऊन बसला आहे. अमेरिकेत १६,७४१ वयस्कर स्त्रियांवर झालेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळेच सांगतो : दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ वाढायचा थांबला. त्या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. माझा जुना बँड आता आईच्या हातावर आहे. तिचे उद्दिष्ट मी ४,००० वर आणून ठेवले, तेव्हापासून ती तिन्हीसांजेला तुळशीभोवती दोन फेऱ्या जास्त घालते आणि मग चष्मा लावून आकडा पाहते. उद्दिष्ट बदलता येत नसेल, किंवा आकडे चष्म्याशिवाय अजिबात वाचता येत नसतील, तर तो बँड घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी निरुपयोगी समजावा.

केवळ पावलांनी भागत नाही, हेही खरे. फर्मागुढीची चढण आणि सपाट रस्ता, दोन्हींकडे हजार पावले म्हणजे हजारच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करायला सांगते, आणि मध्यम जोर ओळखायची साधी खूण अशी, की चालता चालता बोलता यावे पण आरती म्हणता येऊ नये. हा जोर टिपायला नाडीमापक उपयोगी पडतो. बँडच्या पोटाशी हिरवे दिवे लुकलुकतात, ते त्याचेच. रक्त हिरवा प्रकाश शोषते. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढले की परतणारा प्रकाश घटतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की प्रकाश कडेने निसटतो, आणि कधी कधी तर यंत्र पावलांच्या लयीलाच नाडीची लय समजून बसते. निवांत चालताना नाडी १५० दाखवू लागली तर घाबरण्याआधी पट्टा एक भोक आवळावा आणि मनगटाच्या हाडापासून बोटभर वर सरकवावा. छातीत दुखत असेल तर मात्र बँडकडे न पाहता डॉक्टरांकडे जावे.

कॅलरीच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली सात उपकरणे तपासली, त्यांपैकी सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या फरकाने सांगितली, पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत त्यातल्या त्यात चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्या आकड्याच्या भरवशावर कोणी दुसरी नेवरी (करंजी) उचलत असेल, तर त्याने ती खुशाल खावी, पण बँडचे नाव पुढे करू नये. झोपेचे गाढ आणि हलके असे भागही अंदाजच असतात. खरे मोजमाप मेंदूच्या लहरींवरून होते.

आता पट्ट्याविषयी, कारण आपल्या हवेत खरी परीक्षा त्याचीच होते. माझा दुसरा बँड उत्तम मोजत असे, पण एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या रबरी पट्ट्याखाली घाम साचून मनगटावर लाल चट्टा उठला. विकणाऱ्या दुकानदाराने हात झटकले, आणि त्या बँडला दुसरा पट्टा कुठेही मिळेना, कारण त्याची खाच त्या एकाच मॉडेलची होती. तेव्हापासून मी आधी हे पाहतो, की साधा, विणलेला पट्टा सहज बदलता येतो का. रात्री बँड काढून पट्टा साबणाने धुऊन वाळवावा. समुद्रात उतरलात तर नंतर गोड्या पाण्याने धुवावा, कारण खार सांध्यांत आणि चार्जिंगच्या टोकांवर बसतो. डब्यावरचे ‘५ एटीएम’ म्हणजे ५० मीटर खोलीवरच्या स्थिर पाण्याइतका दाब. पोहायला ते पुरते, न्हाणीतल्या कढत पाण्याला आणि वाफेला त्यात धरलेले नसते.

बॅटरी आठवडाभर तरी टिकावी. रोज चार्ज करायचे घड्याळ तिसऱ्या आठवड्यात खणात जाते, असा माझा अनुभव आहे. पडदा दुपारी बाराला अंगणात उभे राहून वाचून पाहावा, दुकानातल्या दिव्याखाली सगळेच पडदे छान दिसतात. रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या सोयीसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

या हिशेबाने चौघांना मी दोन-तीन हजारांतला साधा बँड सुचवला आहे. मावसभावाचे प्रकरण वेगळे. तो पहाटे मिरामारला वाळूवर धावतो, आणि फोन घरी ठेवून जातो. साधा बँड अंतर काढतो ते एक तर फोनच्या जीपीएसवरून, नाही तर उंचीवरून बांधलेल्या पावलाच्या अंदाजाने, आणि वाळूत पाऊल आखूड पडते. त्याला स्वतःचे जीपीएस असलेले घड्याळच घ्यावे लागेल, आणि त्याचे पैसे ऐकून तो सध्या गप्प आहे.