‘पूर्वजांचे बत्तीस दात’ आणि आत्याची मशेरी

‘उत्खननात सापडलेल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत! ना पेस्ट, ना साखर, ना डेंटिस्ट. पूर्वज राख-मशेरी लावायचे. आजच पेस्ट फेका.’ हा मेसेज फिरत फिरत पंचवटीतल्या आमच्या आत्याकडे पोचला आणि तिची कधीची सुटलेली मशेरी पुन्हा सुरू झाली. वर सुनेला सल्ला : पोराची किडलेली दाढ दुधाचीच आहे, पडेल आपोआप, पैसे कशाला घालवता?

आधी मशेरीचं बघू, कारण डोकं तिथेच फिरलं. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली, कुटलेली तंबाखू. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आली, त्याला फार तर चारशे-सव्वाचारशे वर्षं झाली. मग तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाईने ती आणली कुठून? सकाळी चिमूटभर बोटावर घेऊन हिरडीला लावली की तल्लफ भागते, म्हणून ती सुटत नाही. दात स्वच्छ होतात हा नुसता बहाणा. हिरड्या सुटतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पूर्वजांच्या नावावर हे खपवणाऱ्याला काय म्हणावं!

आता ‘बत्तीसच्या बत्तीस’. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं आवरण, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग, म्हणून हाडं झिजली तरी दात मातीत टिकतात. टिकले म्हणजे निरोगी होते असं नव्हे. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेत १३ ते १५ हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांचे निम्म्याहून जास्त दात किडलेले निघाले. तिथे साखर नव्हती, शेतीसुद्धा नव्हती. ओकची पिठूळ फळं खाऊन दात किडले.

आणि आपल्याकडचंच पाहायचं तर घोड नदीकाठचं इनामगाव, शिरूर तालुका. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची, जोर्वे संस्कृतीची वस्ती. जोर्वे म्हणजे आपल्या शेजारचं, संगमनेरजवळचं. इनामगावला घरातल्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत लहान मूल. पुरलेल्यांत बहुतेक मुलंच. बत्तीस दात येण्याइतकं आयुष्य त्यांना मिळालंच नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी या मुलांचे दुधाचे सुळे तपासले, तर एनॅमलवर खड्डे. दुधाच्या सुळ्याचं एनॅमल आईच्या पोटात तयार व्हायला लागतं आणि साधारण वर्षाच्या आत पूर्ण होतं. त्या काळात बाळाचं किंवा आईचं पोषण बिघडलं, आजारपण आलं, तर खूण राहते आणि ती पुन्हा भरून येत नाही. जे दात आत्या ‘पडतीलच’ म्हणते, त्यांच्यावरूनच तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळांचे हाल कळले! शिवाय दुधाच्या दाढेखाली पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातालाही डाग किंवा खड्डा पडू शकतो.

साखरेचं म्हणाल तर, ठीक आहे, तेवढं अर्धं खरं. शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या बऱ्याच लोकांत कीड कमी सापडते, शेती आल्यावर वाढते, आणि साखर स्वस्त झाल्यावर तर विचारूच नका. तेव्हा फेकायचंच असेल तर चहातली साखर फेका.

राहिला ‘ना डेंटिस्ट’. बलुचिस्तानातल्या मेहरगढला ९ माणसांच्या ११ दाढा गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या सापडल्या, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. भोकांच्या कडा चावून गुळगुळीत झालेल्या, म्हणजे माणसं नंतरही जगली, जेवली. भुलीचं इंजेक्शन नसताना दाढ कोरून घ्यायला कुणी हौसेने बसलं नसणार.